पहिल्या फेरीत बीडीएस, डोळे एमबीबीएसकडे: मधल्या दिवसांचं काय करायचं

कामोठ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. मुलगी ओबीसीतून, राज्याच्या पहिल्या कॅप फेरीत (कॅप म्हणजे राज्याची एकत्रित ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया) तिला खाजगी कॉलेजात बीडीएस लागलं. जॉइन केलं, स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे ‘हीच जागा कायम ठेवतो’ असा फॉर्म भरला नाही, म्हणजे पुढच्या फेरीसाठी ती उभी आहे. गेल्या वर्षी एमबीबीएस ज्या नंबरला थांबलं, त्याच्या थोडीच मागे तिची रँक आहे. मुलगी नीट जेवत नाही, दिवसभर मोबाइलवर राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची साइट उघडून बसते. एक गृहस्थ रोज फोन करून ‘सीट पक्की करून देतो’ म्हणतात. आणि सासूबाईंचं म्हणणं, घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मेडिकल कॉलेज आहे, तिथे स्थानिक म्हणून काही होत नाही का?

ताई, मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात सव्वीस वर्षं काढली. प्रवेशाच्या दिवसांत कागद तपासायच्या टेबलावर मीच बसायचे. आता निवृत्त आहे, ठाण्यात राहते, आणि जून ते ऑक्टोबर घरी आई-बापांची ये-जा चालू असते. तुमच्यासारखा प्रश्न दर आठवड्याला येतो.

सासूबाईंचा प्रश्न आधी घेते, तो पटकन संपतो. कामोठ्याचं एमजीएम आणि नेरूळचं डी. वाय. पाटील ही दोन्ही अभिमत विद्यापीठं. त्यांच्या जागा राज्याच्या कॅपमध्ये येतच नाहीत. त्या दिल्लीच्या एमसीसीतून, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीतून भरतात, देशभरातल्या मुलांमधून. तिथे डोमिसाइल विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, तुम्ही समोरच्या बिल्डिंगमध्ये राहता हेही विचारत नाहीत. फी वर्षाला वीस लाखांच्या वर. त्या रांगेत उभं राहायचं तर एमसीसीकडे ५,००० रुपये नोंदणी आणि २ लाख अनामत भरावी लागते. उलट नेरूळचंच तेरणा खाजगी आहे, पण राज्याच्या कॅपमधून भरतं. कळव्याचं राजीव गांधी ठाणे महापालिकेचं, त्याच्या ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. एकाच पाम बीच रोडच्या आसपासची दोन कॉलेजं दोन वेगळ्या दारांनी उघडतात, हे निम्म्या पालकांना प्रेफरन्स, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायच्या रात्री कळतं.

आता मुख्य गोष्ट. वाट बघणाऱ्या घरात सगळे नशिबाबद्दल बोलतात. यादी नशिबाने हलत नाही. कुणीतरी वरची जागा सोडतं म्हणून ती हलते, आणि कोण सोडतं हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं.

समजा केईएमला लागलेल्या एका मुलाला अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीचं कॉलेज मिळालं, किंवा एम्स मिळालं. तो गेला. केईएमची जागा सायनच्या मुलीला मिळाली, तिने पहिला प्रेफरन्स केईएम लिहिला होता. सायनला कळव्याचा मुलगा गेला, कळव्याला अलिबागची मुलगी आली, अलिबागला खाजगी एमबीबीएसमधली एक आली, कारण तिथे फी कमी. आणि त्या खाजगी जागेवर कोण? तुमच्या मुलीसारखं बीडीएसमध्ये बसलेलं कुणीतरी. वरची एक खुर्ची रिकामी झाली आणि सहा घरांत पेढे आले. म्हणून केंद्राची फेरी लागली की राज्याची यादी हलते. तुम्ही राज्याच्या साइटवर रोज पन्नासदा जाता, त्यापेक्षा एमसीसीच्या फेरीची तारीख बघा. ती लांबली की राज्याचीही लांबते. २०२४ ला नीटच्या पेपरफुटीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, सुधारित निकाल २६ जुलैला आला आणि सगळंच पुढे ढकललं गेलं. २०२१ ची परीक्षा १२ सप्टेंबरला झाली, आरक्षणाचा वाद कोर्टात होता, केंद्राची पहिली फेरी जानेवारी २०२२ उजाडल्यावर. त्या बॅचच्या आयांना विचारा वाट बघणं म्हणजे काय ते.

एक जुनं ऐकीव अजून फिरतं: ‘शेवटी ऑल इंडियाच्या उरलेल्या जागा राज्याला परत येतात, तेव्हा लागेल.’ पूर्वी यायच्या. २०२१-२२ पासून येत नाहीत. केंद्र स्वतःच तीन फेऱ्या आणि मग उरलेल्या जागांची स्ट्रे फेरी घेतं. तेव्हा त्या आशेवर हिशोब करू नका.

‘गेल्या वर्षीच्या नंबरच्या थोडीच मागे’ असं तुम्ही लिहिलंय. मागे म्हणजे मार्कांनी की रँकने? मार्कांनी असेल तर तो कागद फाडून टाका. २०२४ ला पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण होते, सुधारित निकालात १७ राहिले. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. एका वर्षात पेपर इतका बदलला की २०२४ च्या मार्कांवर २०२५ चा अंदाज बांधणाऱ्यांनी आधी रडून घेतलं आणि मग त्यांना सीट लागली. तुलना करायची ती राज्याच्या मेरिट यादीतल्या नंबरची, म्हणजे एसएमएलची, आणि तीही आपल्या प्रवर्गातल्या मुलींची. राज्याच्या जागांत मुलींना ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे ओबीसी मुलाचा शेवटचा नंबर आणि ओबीसी मुलीचा शेवटचा नंबर यांत फरक पडू शकतो. निवड यादीच्या पीडीएफमध्ये प्रत्येक नावापुढे कोटा लिहिलेला असतो. एका रविवारी बसा, गेल्या वर्षीची प्रत्येक फेरीची पीडीएफ उघडा आणि कॉलेजवार शेवटची ओबीसी मुलगी शोधून वहीत लिहा. दोन तास लागतील. कुठल्याही काउन्सेलरने दहा हजार घेऊन दिलेल्या एक्सेलपेक्षा ते खरं असेल.

तरी रँकवरही पूर्ण विसंबू नका. २०२० पर्यंत ७०:३० ची प्रादेशिक अट होती (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना), ती गेली. २०२४ ला एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाचं, १० टक्के आरक्षण आलं. त्याच वर्षी अंबरनाथसह राज्यात नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. जागा वाढल्या की शेवटचा नंबर मागे सरकतो. थोडं मागे असणं म्हणजे काही नाही असंही नाही, आणि पक्कं असंही नाही. तुमच्या मुलीची अवस्था मी ‘दारात’ म्हणते. दारातल्यांनी दोन चुका टाळायच्या असतात, आणि त्या दोन्ही दुसऱ्या फेरीच्या प्रेफरन्समध्ये होतात.

पहिली चूक: ‘मिळेल ते वर लिहू, नाहीतर हातचं जाईल.’ कॉम्प्युटर असं काम करत नाही. तो मेरिटमध्ये पहिल्या मुलाला घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. मग दुसरा मुलगा, मग तिसरा. तुमच्या मुलीची पाळी येते तेव्हा तिने केईएम पहिलं लिहिलं म्हणून कळवा कुणी मागच्याला देऊन टाकलेलं नसतं. तेव्हा यादी मनाच्या क्रमाने लिहायची, शक्यतेच्या क्रमाने नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडते. बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरची जागा, मिळालं की आधीची जागा त्याच क्षणी जाते. नको म्हणता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत फक्त तेच लिहा जे हातातल्या बीडीएसपेक्षा तुम्हाला खरंच हवं आहे आणि परवडणार आहे. डोंबिवलीचा एक मुलगा माझ्या टेबलासमोर उभा होता, वडील मागे खुर्चीवर. त्यांनी ‘यादी लांब दिसावी’ म्हणून खाली चार खाजगी कॉलेजं टाकली होती, फी न बघता. त्यातलं एक लागलं. फी त्यांच्या घराच्या हप्त्याच्या कितीतरी पट. वडील म्हणाले, ‘मॅडम, मग आम्हाला आमचं जुनंच द्या.’ जुन्या जागेवर तोपर्यंत दुसऱ्या कुणाचंतरी नाव आलेलं होतं. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

आणि दुसऱ्या फेरीला प्रेफरन्स नव्याने भरायची सूचना आली तर ‘पहिली यादी आपोआप पुढे जाईल’ असं धरून चालू नका. सूचनेचा शेवटचा परिच्छेदही वाचा. भरून झाल्यावर सबमिट केलेल्या यादीची प्रिंट काढून घरातल्या दोघांनी मोठ्याने वाचा. कॉलेजांचे कोड चार आकडी आहेत, एक आकडा चुकला की नागपूरचं नांदेड होतं.

फीचं म्हणाल तर खाजगी एमबीबीएस लिहायचं की नाही हे ठरवण्याआधी एक बघा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॅपमधून खाजगी कॉलेजात प्रवेश मिळाला तरी. अभिमत विद्यापीठं यात नाहीत, मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेजच्या कोट्याच्या, जागा नाहीत. मुलगी नॉन-क्रीमीलेअर असेल तर तुम्ही या हिशोबात बसण्याची शक्यता आहे. मात्र हॉस्टेल, मेस, अनामत, इतर फी ही वेगळी लागतेच, ती कॉलेजला फोन करून लिहून घ्या. कितीतरी पालक ‘खाजगी म्हणजे आपलं काम नाही’ म्हणून ती कॉलेजं लिहीतच नाहीत आणि त्यांच्या मागच्या रँकवाल्या मुली तिथे डॉक्टर होतात.

आता कागद. खरं तर यावरच मी तासभर बोलू शकते.

नॉन-क्रीमीलेअर. तारीख बघा. आत्ता, वाचता वाचता उठून बघा. पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. एका शेवटच्या दिवशी, दुपारचे सव्वाचार, भांडुपहून आलेले एक गृहस्थ. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात फाइल, सगळं अगदी व्यवस्थित. दहावीपासूनच्या मार्कशीट लॅमिनेट केलेल्या. नॉन-क्रीमीलेअर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संपलेलं. नवीन काढायला टाकलंय, म्हणाले, पावती आहे. पावती चालत नव्हती. त्या मुलीला ओपनमध्ये धरलं तर तो नंबर तिथे बसत नव्हता. साडेपाचला पोर्टल बंद झालं. लॅमिनेशनवर बोटं फिरवत ती दोघं अर्धा तास तिथेच बाकावर बसली होती. हे मी विसरू शकत नाही म्हणून प्रत्येकाला तारीख बघायला लावते. (आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका, मागे शिक्का मारता येत नाही.)

तुम्ही कामोठ्याच्या, म्हणजे तुमचा तालुका पनवेल, जिल्हा रायगड. पत्त्यात नवी मुंबई लिहिता म्हणून ठाण्याला येऊ नका. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेलमध्ये. उत्पन्नाचा दाखला पनवेल तहसीलचा, नॉन-क्रीमीलेअर तिथल्या प्रांतांचा. आणि जात प्रमाणपत्र जर गावाकडचं असेल, साताऱ्याचं वा जळगावचं, तर व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, त्या जिल्ह्याच्या समितीकडून. एखादा हेलपाटा बेलापूरच्या कोकण भवनला मारून लोक परत येतात आणि मग आठवडा गेलेला असतो.

बीडीएसला मूळ कागद जमा केलेत ना? त्याची पोच घेतलीत का, शिक्क्यासकट? नसेल तर उद्या जाऊन घ्या. वरची जागा लागली की मूळ कागद तिथून सोडवून नव्या कॉलेजात न्यायचे असतात आणि हातात चार-पाच दिवस असतात. स्कॅन करून ठेवलेत तर ते मोबाइलमध्ये एकीकडे आणि ई-मेलवर एकीकडे असू द्या. मोबाइल लोकलमध्ये गेलेला बाप मी पाहिलाय. नावांचं बघा: दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर, जातीच्या दाखल्यावर आईचं नाव एकसारखं आहे का. वैशाली एकीकडे, वैशालिनी दुसरीकडे, असं असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

प्रवासाचाही विचार करा, कारण या फेऱ्या बहुतेक वेळा गणपतीतच येतात. एका वर्षी कळव्याच्या एका मुलीला सिंधुदुर्गचं सरकारी कॉलेज लागलं, ओरोसला. चतुर्थीला दोन दिवस. कोकण रेल्वेचं तिकीट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बाप-लेक खोपटच्या डेपोतून जादा एसटीत बसले, तीही उभ्याने, महाडपर्यंत. मूळ कागदांची पिशवी तिने रात्रभर छातीशी धरली होती म्हणे. पोचले, जॉइन झाले. पण परतीला वडिलांनी मला पहिला फोन केला तो ‘जॉइन झाली’ हे सांगायला नाही, ‘गणपती बसवायला भावाला सांगितलं होतं, बसवले का विचारा’ हे सांगायला. म्हणून म्हणते, तुमच्या यादीत लांबचं कॉलेज असेल तर तिकडे कसं जायचं, कोण सोबत जाणार, रजा कुणाची, पैसे खात्यात आहेत की एफडीत, हे आत्ता ठरवा. डीडी लागेल का तेही विचारून ठेवा. सणात बँका बंद असतात.

त्या फोनवाल्या गृहस्थांबद्दल. इन्स्टिट्यूशनल कोट्याच्या जागासुद्धा नीटच्या गुणवत्तेवर, ऑनलाइन यादीतूनच भरतात. विकायला त्यांच्याकडे काही नाही. त्यांचा धंदा सोपा असतो: तुमच्यासारख्या दारातल्या दहा घरांकडून टोकन घ्यायचं, दोघांचं आपोआप लागतं, त्यांना ‘मी केलं’ सांगायचं, बाकीच्यांना ‘वरून अडलं, थोडे परत करतो.’ आमच्या सोसायटीतल्या एका घराचे असे चार लाख गेले, मुलीला सीट नंतर तिच्या रँकनेच लागली. नंबर ब्लॉक करा. वाद घालत बसू नका, ते बोलण्यात पटाईत असतात.

आता मुलीचं. बीडीएसचे वर्ग सुरू झाले असतील तर तिला पाठवा. रोज. पहिल्या वर्षाला अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आहे. एमबीबीएसला गेली तरी हेच विषय पुढ्यात येणार, वाया काही जाणार नाही. आणि नाही गेली, तर पहिले दोन महिने बुडवलेली मुलगी डेंटलमध्येही मागे पडते. घरी तिच्यासमोर ‘हे काय, नुसतं दातांचं’ असं कुणी बोलू नका. तेच शब्द घेऊन तिला उद्या त्या वर्गात बसायचं असतं.

साइट बघायचं काम तिच्याकडून काढून घ्या. घरातल्या एकानेच बघायचं, सकाळी एकदा, रात्री एकदा. याद्या बऱ्याचदा रात्री उशिरा लागतात, पण जॉइनिंगला दिवस असतात. रात्री एकला कळलं काय आणि सकाळी सातला कळलं काय, फरक काही नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक ओळ टाका, ‘लागलं की कळवू,’ आणि विषय बंद. जेवण फारच तुटलं असेल, रात्र रात्र जागत असेल, काहीबाही बोलत असेल तर तुम्ही घरचे पुरे पडणार नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजू नका. मी दोन घरांना स्वतः लावून दिलाय.

ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट द्यायचा, प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात कुणीतरी काढलाच असेल. माझं मत: तिसऱ्या फेरीची यादी लागेपर्यंत तो शब्द उच्चारायचा नाही. एकीकडे बीडीएसचे वर्ग, एकीकडे बेटरमेंटची वाट आणि एकीकडे नीटची पुस्तकं, अशी तीन डगरींवर उभी राहिलेली मुलगी कुठेच नसते. तिसऱ्या फेरीनंतर तिला एकटीला बसवून विचारा, अख्ख्या घरासमोर नाही. परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही, घाई कुठे नाही. मात्र शेवटच्या फेऱ्यांनंतर धरलेली जागा सोडताना फीचं आणि पुढच्या पात्रतेचं काय होतं, ते यंदाच्या माहिती पुस्तिकेत वाचल्याशिवाय राजीनाम्याचा कागद लिहू देऊ नका. केंद्राकडेही नोंदणी केली असेल तर तिथे तिसऱ्या फेरीपासून नियम आणखी कडक आहेत: जागा घेऊन हजर झालात की ती सोडून राज्याच्या रांगेत परत येता येत नाही.

एवढं वाचून उठाल तेव्हा आधी नॉन-क्रीमीलेअरची तारीख, मग बीडीएस कॉलेजची पोच. दोन्ही नीट असतील तर रविवारी वही घेऊन या, ओबीसी मुलींचे शेवटचे नंबर आपण मिळून काढू. मुलीला आणायची गरज नाही, तिला तोवर खारघरच्या सेंट्रल पार्कला मैत्रिणींबरोबर पाठवा.